'फेअर' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ कसा लावावा आणि ते कसे वापरावे

लातूर किंवा सांगलीकडच्या ज्या शेतकऱ्याच्या एका रानात ऊस आणि दुसऱ्या रानात सोयाबीन असते, त्याची वर्षातून किमान दोनदा एकाच इंग्रजी विशेषणाशी गाठ पडते. मात्र ते एकच विशेषण आहे हे बहुधा त्याला कोणी सांगितलेले नसते. उसाची 'एफआरपी' म्हणजे 'फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस', आणि हमीभाव केंद्रावर सोयाबीन ज्या कसोटीला लागते ती 'एफएक्यू' म्हणजे 'फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी'. पहिल्या संज्ञेतला 'फेअर' हक्काची भाषा बोलतो. यापेक्षा कमी दर कारखान्याने देता कामा नये, असे तो सांगतो. दुसऱ्या 'फेअर'मध्ये हक्काचा मागमूस नाही. माल उत्कृष्ट नसला तरी चालेल, पण सर्वसाधारणपणे बरा असलाच पाहिजे, एवढेच तिथे म्हणायचे असते. शब्दकोश उघडावा तर गोरा, सुंदर, न्याय्य, स्वच्छ, अनुकूल, मध्यम असे अर्थ या शब्दापुढे एका ओळीत उभे असतात, आणि त्यांतला कोणता उचलायचा हे कोश सांगत नाही. ते ठरवण्याची एक रीत आहे आणि ती पुढे पायरीपायरीने मांडली आहे. ज्यांना इंग्रजी करारनामे, केसपेपर किंवा जाहिराती वाचाव्या लागतात त्यांना, आणि ज्यांना इंग्रजीतून मराठीत अनुवाद करावा लागतो त्यांना, ती उपयोगी पडेल.

पहिली पायरी : शब्द विशेषणच आहे याची खात्री करावी

इंग्रजीत 'फेअर' असा उच्चार होणारे तीन वेगळे शब्द आहेत. 'बस फेअर', 'एअरफेअर' यांतला शब्द भाड्याचा आहे. त्याचे स्पेलिंग 'एफ-ए-आर-ई' असे असल्याने वाचताना घोटाळा होत नाही, लिहिताना मात्र हमखास होतो. 'बुक फेअर', 'ट्रेड फेअर' यांतला शब्द मेळ्याचा किंवा प्रदर्शनाचा. त्याचे स्पेलिंग आपल्या विशेषणासारखेच, म्हणजे 'एफ-ए-आय-आर' असले तरी त्याचे मूळ निराळे आहे. तो सणाचा दिवस या अर्थाच्या 'फेरिया' या लॅटिन शब्दापासून आला. आपली जत्रा जशी देवाच्या दिवसाला धरून भरते, तशीच तिकडची 'फेअर' मुळात भरत असे. ओळखण्याची खूण सोपी आहे : शब्दाच्या आधी 'व्हेरी' लावून पाहावे. 'व्हेरी फेअर डिसिजन' हे चालते, म्हणून तिथे विशेषण आहे. 'व्हेरी बुक फेअर' असे काही होत नाही, म्हणून तिथे नाम आहे.

दुसरी पायरी : विरुद्धार्थी शब्द शोधावा

माझ्या मते सगळ्या रीतीची किल्ली या पायरीत आहे. 'फेअर' कशाच्या बाजूला बसला आहे हे पाहायचेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो कशाच्या विरुद्ध उभा आहे हे पाहायचे. त्या जागी 'अनफेअर' हा शब्द घातल्यावर वाक्य उलट अर्थाने उभे राहत असेल, तर अर्थ न्यायाचा आहे. 'डार्क' घातल्यावर उभे राहत असेल, तर अर्थ रंगाचा आहे. 'रफ' बसत असेल तर लेखनाचा, आणि वादळ, पाऊस, खवळलेला समुद्र असे काही समोर येत असेल तर हवामानाचा. यांतला एकही शब्द बसत नसेल आणि आजूबाजूला 'गुड', 'पुअर', 'एक्सलंट' असे शब्द दिसत असतील, तर 'फेअर' ही एका शिडीची मधली किंवा मधल्याच्याही खालची पायरी आहे. 'एफएक्यू'ला ही कसोटी लावून पाहावी. 'अनफेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी' असे कधी कोणी म्हणत नाही. त्यावरूनच कळते की तिथे न्यायाचा संबंध नाही.

इतके वेगवेगळे अर्थ एका शब्दात कसे साठले, हे एकदा समजून घेतले तर ते पाठ करावे लागत नाहीत. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सुंदर, पाहताच प्रसन्न वाटावे असा होता. जे सुंदर ते डाग नसलेले, म्हणून स्वच्छ. ज्याच्या वागण्यावर डाग नाही तो कपट नसलेला, म्हणून न्यायी. आकाशावर डाग नाही ते निरभ्र. उजळ वर्णाचा अर्थ त्यानंतरचा आहे. आणि चांगला या अर्थाचा शब्द वापरून वापरून झिजला, तेव्हा त्याचा 'ठीक, साधारण' असा अर्थ झाला. अशी झीज मराठीलाही अनोळखी नाही. 'बरा' हा शब्द श्रेष्ठ या अर्थाच्या संस्कृत 'वर' शब्दापासून आला, आणि आज 'कसा आहेस?' या प्रश्नाला 'बरा आहे' असे उत्तर मिळाले की ऐकणारा उलट काळजीने पुन्हा विचारतो.

तिसरी पायरी : न्यायाचा अर्थ असेल तर मराठी शब्द तोलून निवडावा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि सर्वांत जास्त सोयही मराठीने इथेच केलेली आहे. इंग्रजीत जिथे एकटा 'फेअर' राबतो तिथे मराठीत रास्त, वाजवी, न्याय्य, निःपक्षपाती आणि उचित असे निदान पाच शब्द हजर आहेत, पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

पैशाचे मोजमाप असेल तर 'रास्त' आणि 'वाजवी' हे शब्द घ्यावेत. 'फेअर प्राइस शॉप' म्हणजे 'रास्त भाव दुकान'. ही पाटी महाराष्ट्रात गावोगाव लागलेली आहे, आणि सरकारी अनुवाद इतका नेमका व इतका रुळलेला क्वचितच आढळतो. 'रास्त' हा शब्द फारसी आहे आणि त्याचा मूळ अर्थ सरळ, खरा असा आहे. दादाभाई नौरोजींनी १८५१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या गुजराती पत्राचे 'रास्त गोफ्तार' हे नाव, म्हणजे खरे बोलणारा, याच शब्दाने बनले होते. भाव सरळ असणे म्हणजे त्यात आडमार्गाचा नफा नसणे, ही छटा 'रास्त' या शब्दात मुळापासून आहे. 'वाजवी' मूळचा अरबी. त्यात मर्यादेची भावना अधिक आहे. जे अवाजवी नाही, डोईजड नाही, ते वाजवी. म्हणून भाडे, फी, अपेक्षा आणि खर्च यांना 'वाजवी' शोभतो. इंग्रजी 'रीझनेबल'शीही त्याची जवळीक आहे, आणि दोन्ही इंग्रजी शब्द एकाच वाक्यात आले तर 'वाजवी' हा 'रीझनेबल'साठी राखून ठेवलेला बरा.

तसे वाक्य खरोखरच येते. मनेका गांधी खटल्यातील १९७८ च्या निकालानंतर आपल्या घटनेच्या २१व्या अनुच्छेदाचे विवेचन करताना, एखाद्याचे स्वातंत्र्य हिरावून घेणारी कार्यपद्धती 'जस्ट, फेअर अँड रीझनेबल' असली पाहिजे, अशी तीन शब्दांची माळ न्यायालयीन लेखनात वारंवार येते. तिन्हींना 'योग्य' म्हणून मोकळे झाल्यास कायद्याने मुद्दाम केलेला भेद पुसला जातो. 'जस्ट' म्हणजे न्याय्य : परिणाम न्यायाला धरून असावा. 'फेअर' म्हणजे निःपक्षपाती किंवा उचित : वागवण्याची पद्धत सरळ असावी, समोरच्याला बाजू मांडू द्यावी. 'रीझनेबल' म्हणजे वाजवी : कारणाला धरून असावी, मनमानी नसावी. एकटाच 'फेअर' आला असता आणि तो कृतीला किंवा वाटणीला लागला असता, तर त्यालाही 'न्याय्य' म्हणता येते. पण शेजारी 'जस्ट' असेल तर तो शब्द त्याला द्यावा लागतो. लिहिताना 'न्याय' आणि 'न्याय्य' यांतला फरकही सांभाळावा. 'न्याय निर्णय' म्हणजे न्यायालयाचा निर्णय. 'न्याय्य निर्णय' म्हणजे न्यायाला धरून असलेला निर्णय, आणि प्रत्येक निर्णय तसा असेलच असे नाही.

व्यक्तीविषयी बोलायचे असेल तर 'निःपक्षपाती' हा शब्द सर्वांत सुरक्षित आहे. 'फेअर अंपायर' म्हणजे न्याय्य पंच नव्हे, निःपक्षपाती पंच. 'फ्री अँड फेअर इलेक्शन्स' याचे 'मुक्त आणि निःपक्षपाती निवडणुका' असे रूप रुळलेले आहे आणि ते योग्य आहे, कारण तिथे यंत्रणेचे वागणे मोजले जाते.

आता पुन्हा उसाकडे यावे. 'एफआरपी'चा अनुवाद 'रास्त आणि किफायतशीर दर' असा करतात. इथे दोन विशेषणे का लागली, हे पाहण्यासारखे आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००९ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत कारखान्यांना बंधनकारक असलेल्या दराला 'वैधानिक किमान दर' म्हणत. दुरुस्तीनंतर दर ठरवताना शेतकऱ्याची जोखीम आणि नफा यांचाही विचार करायचा असे ठरले. 'फेअर' हा शब्द घेणारा आणि देणारा या दोघांकडे सारख्या नजरेने पाहतो; शेतकऱ्याच्या हाती काही उरले पाहिजे हे त्या एकट्या शब्दातून निघत नाही, ते 'रिम्युनरेटिव्ह' या शब्दाने सांगितले आहे. बातमी लिहिताना जागा वाचवण्यासाठी नुसते 'रास्त दर' लिहिणारे पत्रकार संज्ञेचा अर्धा, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा, भाग गाळतात.

'फेअर' आणि 'ईक्वल' यांची गल्लत करू नये. 'फेअर शेअर' म्हणजे समान वाटा नव्हे. धरणाच्या वरच्या आणि खालच्या गावांना क्षेत्र, गरज किंवा हक्क पाहून पाणी देणे 'फेअर' ठरू शकते, सरसकट सारखे देणे ठरेलच असे नाही. पाण्याच्या चळवळींनी मराठीत रुजवलेला 'समन्यायी' हा शब्द इंग्रजी 'इक्विटेबल'साठी आहे, पण 'फेअर शेअर'चा आशयही तो चांगला वाहून नेतो. घरगुती बोलण्यात 'हक्काचा वाटा' पुरेसा आहे.

बोलीत मात्र हे सगळे शब्द जड होतात. खेळताना एखादे मूल 'धिस इज नॉट फेअर' म्हणते, त्याचे 'हे न्याय्य नाही' असे भाषांतर केले तर कोणत्याही मराठी मुलाच्या तोंडी ते बसणार नाही. ते मूल 'हा रडीचा डाव आहे' असे म्हणेल, किंवा 'असं नाही चालणार!' असे म्हणेल. क्रिकेटच्या नियमांच्या २०१७ च्या संहितेत ४१वा नियम 'अनफेअर प्ले' या नावाचा आहे. समालोचन लिहिताना त्याला 'अनुचित खेळ' म्हणावे लागेल, पण आशय रडीच्या डावाचाच आहे.

चौथी पायरी : शिडीवरचा 'फेअर' ओळखावा

या अर्थाकडे दुर्लक्ष झाले तर खरे नुकसान होते, म्हणून तो स्वतंत्रपणे सांगतो. आमच्या नात्यातील एका वृद्ध गृहस्थांना रुग्णालयात ठेवले होते. त्यांच्या केसपेपरवर 'जनरल कंडिशन फेअर' असे लिहिलेले वाचून घरच्यांनी गावी 'आता छान आहेत' असा निरोप दिला आणि निघालेली माणसे परत फिरली. डॉक्टरांनी लिहिले होते ते चूक नव्हते. वाचणाऱ्यांनी 'फेअर'ला 'फाइन'च्या जागी नेऊन बसवले होते. अमेरिकेतील रुग्णालये रुग्णाची अवस्था कळवताना 'गुड, फेअर, सीरियस, क्रिटिकल' अशी उतरती शिडी वापरतात. तिच्यात 'फेअर' म्हणजे नाडी, रक्तदाब इत्यादी स्थिर आहेत, रुग्ण शुद्धीवर आहे, लक्षणे अनुकूल आहेत, पण त्याला त्रास होत असू शकतो. आपल्याकडच्या केसपेपरवरील शेऱ्याचा रोखही साधारण तसाच असतो. मराठीत त्याला 'प्रकृती साधारण' म्हणावे, 'चांगली' म्हणू नये. आणि असा शेरा वाचल्यावर अंदाज बांधत बसण्यापेक्षा डॉक्टरांना थेट विचारावे की कालच्यापेक्षा सुधारणा आहे का.

जुन्या वस्तूंच्या बाजारातही हाच अर्थ चालतो. वापरलेला मोबाइल 'फेअर कंडिशन' म्हणून विकायला असेल, तर ओरखडे आणि पोचे दिसतील हे धरून चालावे. जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या व्यापारात 'फाइन', 'व्हेरी गुड', 'गुड' यांच्याही खाली 'फेअर' येतो. त्याच्या खाली बहुधा फक्त 'पुअर' उरतो. हमीभाव केंद्रावरचा 'एफएक्यू' दर्जा शिडीच्या याच घराण्यातला. फरक इतकाच की तिथे 'साधारण' म्हणजे किती हे आकड्यांनी ठरवलेले असते. उदाहरणार्थ, सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा एरवी १२ टक्के असते. तेव्हा 'माझा माल चांगला आहे' हा युक्तिवाद केंद्रावर कामी येत नाही. ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणे यांच्या मर्यादा विचारून, माल वाळवून नेणे कामी येते.

एक विसंगती मात्र ध्यानात ठेवावी. दर्जाच्या शिडीवर 'फेअर' खालच्या बाजूला असला तरी संख्येला आणि प्रमाणाला लागल्यावर तो वर चढतो. 'अ फेअर अमाउंट ऑफ मनी' म्हणजे थोडेसे पैसे नव्हेत, बऱ्यापैकी पैसे. 'अ फेअर डिस्टन्स' म्हणजे बरेच अंतर, आणि 'अ फेअर चान्स' म्हणजे चांगलीच शक्यता. मराठीचा 'बरा'ही असाच वागतो. 'बरा' म्हणजे ठीक, पण 'बराच' म्हणजे पुष्कळ. ही जोडी मनात ठेवली तर इंग्रजीतील विसंगती खटकत नाही.

पाचवी पायरी : रंगाचा अर्थ जपून हाताळावा

आपल्याकडे 'फेअर' म्हटले की सर्वांत आधी गोरा हा अर्थ आठवतो, आणि याचे श्रेय बऱ्याच अंशी लग्नाच्या जाहिरातींना व चेहऱ्याला लावायच्या मलमांना जाते. १९७५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातून हा शब्द काढून तिथे 'ग्लो' आणला. मला तो बदल उशिरा झाला असे वाटते. जो शब्द न्यायासाठी, सरळपणासाठी आणि निरभ्र आकाशासाठी आहे, तो आपल्या दोन पिढ्यांनी केवळ कातडीच्या रंगाचा शब्द म्हणून ओळखला, आणि त्यामुळे अनेक मुलींना विनाकारण खाली पाहावे लागले.

भाषेपुरते पाहिले तर तीन गोष्टी उपयोगी आहेत. पहिली, 'फेअर हेअर' म्हणजे गोरे केस नव्हेत. मराठीत त्यांना सोनेरी किंवा फिकट सोनेरी केस म्हणावे. ब्रिटिश लेखनात एखाद्या पात्राला नुसते 'फेअर' म्हटले असेल, तर वर्णाबरोबर केसांचाही रंग त्यात आलेला असतो. दुसरी, आपल्या बायोडेटांत 'गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा' अशा छटा असतात आणि 'गव्हाळ'साठी भारतीय इंग्रजीने 'व्हीटिश' हा शब्द घडवला आहे. तो परदेशी वाचकाला सहसा कळत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : माणसाबद्दल नुसते 'ही इज फेअर' असे लिहू नये, कारण तो गोरा आहे की निःपक्षपाती आहे हे वाचणाऱ्याला कळणार नाही. स्वभाव सांगायचा असेल तर 'फेअर-माइंडेड', वर्ण सांगायचा असेल तर 'फेअर-स्किन्ड' लिहावे; आणि वर्ण सांगण्याची खरोखर गरज आहे का, याचा आधी विचार करावा.

सहावी पायरी : लेखन, हवामान आणि झीज

हे अर्थ थोडक्यात सांगता येतात. 'फेअर कॉपी' म्हणजे मसुद्यातील खाडाखोड काढून लिहिलेली स्वच्छ प्रत. शाळेतील 'रफ वही' आणि 'फेअर वही', म्हणजेच कच्ची आणि पक्की वही, ही त्याच जोडीची रूपे. हवामानात 'फेअर' म्हणजे पाऊस-वादळ नसलेले. जुन्या वायुभारमापकांच्या तबकडीवर 'रेन', 'चेंज' आणि 'फेअर' असे शब्द ओळीने कोरलेले असत. 'फेअर विंड' म्हणजे जहाजाला हव्या त्या दिशेने नेणारा अनुकूल वारा. भाडेकरारात 'फेअर वेअर अँड टेअर एक्सेप्टेड' असे शब्द असले, तर नेहमीच्या वापराने होणारी साहजिक झीज सोडून, असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे भिंतीचा रंग काळाने फिका पडल्याबद्दल घरमालकाने अनामत रक्कम कापणे या कलमात बसत नाही. घर सोडताना हे एक वाक्य दाखवता आले तर वाद बराच कमी होतो.

सातवी पायरी : स्वतःच्या वाक्यात वापरावे

एखाद्याशी न्यायाने वागणे सांगताना या विशेषणानंतर 'टू' येतो : 'द टीचर इज फेअर टू ऑल'. 'विथ' लावण्याची आपली सवय मराठी 'सर्वांशी'वरून आलेली आहे, ती मोडावी. तर-तम रूपे 'फेअरर' आणि 'फेअरेस्ट' अशी होतात, तरी 'अधिक न्याय्य' या अर्थी 'मोअर फेअर' असेही लिहिलेले आढळते. 'प्ले फेअर' या वाक्प्रयोगात मात्र विशेषणाचेच रूप क्रियाविशेषणासारखे चालते, तिथे 'फेअरली' करण्याचा मोह टाळावा.

'फेअरली' हा शब्द स्वतःच दुटप्पी आहे. 'शी वॉज ट्रीटेड फेअरली' म्हणजे तिला न्यायाने वागवले. 'शी इज फेअरली टॉल' म्हणजे ती बऱ्यापैकी उंच आहे. क्रियापदाला लागला तर बहुधा न्याय, विशेषणाला लागला तर प्रमाण, असा ढोबळ नियम धरावा. 'फेअरली पेड वर्कर्स' यासारख्या ठिकाणी दोन्ही अर्थ संभवतात, तेव्हा लिहिणाऱ्याने रचनाच बदलावी.

वाक्प्रयोगांपैकी तीन विशेष फसवे आहेत. 'फेअर गेम' म्हणजे सरळ खेळ नव्हे. मुळात ज्याची शिकार करण्यास मुभा आहे असा प्राणी, आणि आता ज्याच्यावर टीका करण्यास हरकत नाही अशी व्यक्ती. 'फेअर-वेदर फ्रेंड' म्हणजे 'असतील शिते तर जमतील भुते' या म्हणीतली मित्रमंडळी. 'टू बी फेअर' हे वाक्याच्या सुरुवातीला आले की पुढे ज्याच्यावर टीका चालली आहे त्याच्या बाजूने काहीतरी सांगितले जाणार असते. मराठीत 'खरे सांगायचे तर' यापेक्षा 'त्याचीही बाजू पाहिली तर' हे शब्द त्याला अधिक जवळचे आहेत.

'फेअर इनफ' याचे 'पुरेसे न्याय्य' असे भाषांतर अनेक उपशीर्षकांत वाचायला मिळते आणि ते दरवेळी खटकते. समोरच्याचे म्हणणे आपल्याला पूर्ण पटले नसले तरी ते मान्य करण्याजोगे आहे, असे त्यातून सुचवायचे असते. वरिष्ठांना पत्रात उत्तर देताना तो वापरू नये, कारण त्यात बरोबरीच्या नात्याचा सूर आहे. मित्राने 'आज थकलोय, उद्या येतो' असे कळवल्यावर 'फेअर इनफ' म्हणावे, आणि मराठीत लिहायचे असेल तर 'ठीक आहे, चालेल'.